झाडाचे दुखणे, जेवणाचे टेबल

झाडाच्या खोडावर किंवा मुळाशी कधी कधी जी मोठी, ओबडधोबड गाठ वाढते, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाढीतील बिघाड असते. सालीखाली सुप्तावस्थेत पडून असलेले डोळे, म्हणजे एरवी ज्यांतून फांदी फुटायची ते अंकुर, एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने जागे होतात, पण त्यांपैकी एकाचीही धड फांदी होत नाही. लाकूड मात्र त्या प्रत्येकाला वळसा घालत, दुमडत, घोळत साचत राहते. जखम, बुरशी, कीड, जिवाणू अशी कारणे त्यामागे सांगितली जातात आणि पुष्कळदा त्यांपैकी खरे कोणते हे झाड कापल्यावरही कळत नाही. सुतारकामाच्या परंपरेत अशा लाकडाला मान नव्हता. सरळ खोडात तंतू मुळापासून शेंड्याकडे एका शिस्तीने जातात, म्हणून रंधा एका दिशेने चालवला की लांब, पातळ ढलपी निघते. गाठीत मात्र दर बोटागणिक तंतूंची दिशा बदलते, रंध्याचे पाते एका जागी सुळकन पुढे जाते आणि लगतच्या जागी लाकडाचा लचका तोडते, तर पटाशी कोणत्या बाजूने लावावी हेच उमगत नाही. त्यामुळे चौकट, तुळई, पाट, पोळपाट यांपैकी कशालाही गाठाळ लाकूड चालत नसे आणि त्याची रवानगी बंबाच्या सरपणात होई. आज त्याच गाठीचा भाव घनफुटावर न ठरता नगावर ठरतो, आणि ज्या वस्तूचा भाव नगावर ठरतो तिच्या खरेदीला निघालेल्या गिऱ्हाइकाने हिशेबाची वही घरी ठेवलेली असते, असे समजण्यास हरकत नाही.

या लाकडाचे जेवणाचे टेबल करण्याची प्रचलित रीत अशी की गाठीचे जाड काप त्यांच्या मूळच्या वेड्यावाकड्या कडांसह साच्यात मांडावेत आणि त्यांच्यामधील दऱ्या, भेगा व किडीने पोखरलेली भोके इपॉक्सी रेझिनने, म्हणजे ओतताना पातळ असणाऱ्या आणि नंतर पारदर्शक व टणक होणाऱ्या कृत्रिम राळेने, भरून काढावीत. राळेत निळा रंग मिसळला की तिला नदी म्हणतात, हिरवट मिसळला की सरोवर म्हणतात आणि काळा मिसळला की किंमत वाढवतात. नदीच्या मूळ कल्पनेत राळ नव्हती. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात काम करणारे ग्रेग क्लासेन यांनी फळ्यांच्या नैसर्गिक कडांमध्ये निळी काच बसवून नदीचा आभास निर्माण केला आणि २०१४ च्या सुमारास त्या टेबलांची छायाचित्रे जगभर फिरली. काच कडेबरहुकूम कापायला कसब लागते, राळ मात्र ओतली की आपोआप कडेला जाऊन भिडते, हे इतरांच्या ध्यानात आल्यावर नद्यांची संख्या अतोनात वाढली. या वस्तूचे आकर्षण असे की तीत निसर्ग जसाच्या तसा राहतो, केवळ सपाट होतो.

हे वेड अलीकडचे आहे असा कोणाचा समज असेल तर तो रोमन इतिहासाने फार पूर्वीच खोडून काढला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने आपल्या विश्वकोशवजा ग्रंथाच्या तेराव्या खंडात उत्तर आफ्रिकेतील ॲटलास पर्वतावरून येणाऱ्या ‘सिट्रस’ लाकडाच्या टेबलांची हकीकत दिली आहे. हे झाड लिंबाच्या जातीचे नव्हे, तर सायप्रसच्या कुळातले. मोरोक्कोत आजही त्याच्या गाठींपासून पेट्या आणि शोभेच्या वस्तू बनतात. टेबलासाठी सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मुळाशी जमिनीखाली वाढलेली गाठ, हे प्लिनी स्पष्ट सांगतो, आणि तिच्या कापावरील आकृत्यांना रसिकांनी वाघाचे पट्टे, चित्त्याचे ठिपके, मोरपिसाचे डोळे अशी जी वर्गवारी लावली होती तीही तो नोंदवतो. अशा एका टेबलासाठी रोमन वक्ता सिसेरो याने ५,००,००० सेस्टर्स, म्हणजे तेव्हाची रोमन नाणी, मोजले. पहिल्या शतकातील साध्या रोमन सैनिकाला वर्षाकाठी ९०० सेस्टर्स मिळत, म्हणजे सिसेरोच्या टेबलाची बरोबरी करण्यासाठी त्याला साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ नोकरी करावी लागली असती, आणि तीही उपाशीपोटी, कारण जेवणाचा खर्च त्याच पगारातून कापला जाई. उत्तर आफ्रिकेतील जुबा राजाच्या मालकीच्या दोन टेबलांचा लिलाव झाला तेव्हा त्यांतील एक १२,००,००० सेस्टर्सना गेले. पुरुष मंडळी बायकांच्या मोत्यांच्या उधळपट्टीवर बोलू लागली की बायका त्यांच्या टेबलांकडे बोट दाखवत, असेही प्लिनीने लिहून ठेवले असून, या विषयावरील गृहसंवाद दोन हजार वर्षांत फारसा पुढे सरकलेला नाही. साधेपणाचा उपदेश करणारा तत्त्वज्ञ सेनेका याच्याकडे याच लाकडाची, हस्तिदंती पायांची, एकसारखी ५०० टेबले होती, असे इतिहासकार डिओ कॅसिअस सांगतो. ती खरी असतील तर ज्याला पाचशे पंगतींची सोय घरात करावी लागते त्याला साधेपणाची ओढ लागणे अगदी स्वाभाविक होते.

मोहाचे पुढचे पाऊल चोरी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील रेडवुड हे जगातील सर्वांत उंच वृक्ष, आणि त्यांच्या बुंध्याशी वाढणाऱ्या गाठी वणव्यानंतर नवे कोंब फुटावेत म्हणून झाडाने राखलेली शिल्लक असते. या गाठी रात्री यांत्रिक करवतीने कापून नेण्याचे प्रकार इतके वाढले की २०१४ मध्ये तेथील एका राज्य उद्यानातून जाणारा रस्ता रात्रीच्या वेळी बंद ठेवावा लागला. टेबलासाठी रस्ता बंद होण्याचा हा प्रकार मंडप आणि लग्नाच्या वराती यांना सरावलेल्या महाराष्ट्रालाही नवा वाटेल.

विसाव्या शतकात वेड्यावाकड्या कडेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिरांचे नाव पुढे येते, आणि त्यांचा भारताशी जुना संबंध आहे. वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयातर्फे ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंडे’ या निवासाच्या बांधकामासाठी आले, तेथे साधक होऊन राहिले आणि त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले. पुढे १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी काम केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना ज्या छावण्यांत डांबले त्यांपैकी आयडाहोतील मिनिडोका येथे त्यांनी एका मुरब्बी जपानी सुताराकडून हाताने सांधे जुळवण्याची विद्या घेतली. लाकडातील भेग पुढे वाढू नये म्हणून ते तिच्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा खाचून बसवीत आणि बाकीची भेग उघडी सोडून देत. अशा टेबलावर सांडलेला वाटाणा भेगेतून थेट जमिनीवर जाऊ शकतो, आणि झाडाच्या आत्म्याचा मान राखायचा तर वाटाण्यावर पाणी सोडावे लागते, हे त्या शैलीत अध्याहृत आहे. पुढच्या पिढीला भेग हवी होती, पण वाटाणा गमवायचा नव्हता. राळेचा शिरकाव झाला तो या पेचातून.

इपॉक्सीचा जन्म दिवाणखान्यासाठी झालेला नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत पॉल श्लाक आणि स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्ताँ, तर पुढे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी या रसायनावर काम केले. त्यांपैकी कास्ताँ हे दंतवैद्यकाचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत होते आणि कवळ्यांसाठी योग्य पदार्थाच्या शोधात होते. तो पदार्थ कवळीऐवजी अखेर जेवणाच्या टेबलात गेला, म्हणजे तोंडापासून फार दूर गेला नाही. ‘सीबा’ या स्विस कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेले ‘अराल्डाइट’ हे याच रसायनाचे चिकटरूप, आणि कपाचा तुटलेला कान जोडताना दोन नळ्यांतून सारखा सारखा ऐवज पिळून काडीने घोटण्याचा विधी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मोरीतल्या गळक्या नळाला थापले जाणारे एम-सील हेही त्याच घराण्यातले. तेव्हा कलादालनात नदी म्हणून ज्याचे कौतुक होते ते द्रव्य बहुतेक घरांत आधीच वास्तव्याला असते, फक्त ते सिंकखाली असल्यामुळे पाहुण्यांना दाखवले जात नाही. दोन्हींमागची क्रिया एकच आहे: राळेचे रेणू आणि हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा जोडीदार द्रव, एकमेकांत गुंतून एक अखंड जाळे तयार करतात, आणि ते एकदा तयार झाले की उष्णतेने वितळत नाही की मूळ द्रवांत परतत नाही.

प्रत्यक्ष कामातील पहिली अडचण लाकडातले पाणी ही असते. ताज्या कापलेल्या लाकडात पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या निम्म्याहूनही जास्त असू शकते, आणि राळ ओतण्यापूर्वी ते दहा-बारा टक्क्यांच्या आसपास यावे लागते, अन्यथा नंतर लाकूड आकसते, राळ आकसत नाही आणि दोघांमध्ये फारकत होते. उघड्यावर वाळवायचे तर जाडीच्या एका इंचाला एक वर्ष असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे; त्यात गाठीचे तंतू सर्व दिशांनी जात असल्यामुळे ती वाळतानाही सर्व दिशांनी आकसते, मुरडते आणि नवनव्या जागी तडकते. लाकडाचा हा पंचांगनिरपेक्ष कारभार आणि मालकाने आधीच काढून ठेवलेला गृहप्रवेशाचा मुहूर्त यांचा मेळ क्वचितच बसतो. मुंबई-कोकणात तर भट्टीत कोरडे केलेले लाकूडही जूनमध्ये हवेतला ओलावा पुन्हा पिऊ लागते, आणि त्याच ओलाव्यामुळे हार्डनरमधील अमाइन नावाचे घटक हवेशी संयोग पावून ताज्या राळेवर मेणचट पांढरट साय धरतात. ही साय कोमट पाण्याने धुवावी असे जाणकार सांगतात. ओलावा आल्याने झालेल्या नुकसानीवर पाणी हाच उपाय निघावा याचे मालकांना नेहमी आश्चर्य वाटते.

दुसरी अडचण साच्याची. गुळगुळीत लॅमिनेटच्या फळ्यांचा चौकोनी हौद करून, सांधे सिलिकॉनने बुजवून, आतून राळ न चिकटणारी चिकटपट्टी लावून तो तयार करतात आणि पाणसळीने सर्व बाजूंनी समतल आहे याची खात्री करतात, कारण ओतलेली राळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला जुमानते, बिल्डरने घातलेल्या फरशीच्या उताराला जुमानत नाही. राळेच्या अंगी पाण्याची चिकाटी आणि डिंकाची चिकटाई एकत्र नांदत असल्याने टाचणीएवढे छिद्रही ती शोधून काढते, त्यातून रात्रभर संथपणे बाहेर पडते आणि सकाळी फरशीशी कायमची एकरूप झालेली आढळते. अशा घरांत नदीचा उगम टेबलात आणि मुख सोफ्याखाली असते.

मिश्रणाचा भाग सर्वांत सोपा दिसतो आणि म्हणूनच सर्वांत जास्त टेबले तेथेच वाया जातात. राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण उत्पादनागणिक ठरलेले असते, कोठे दोनास एक, कोठे तीनास एक, आणि ते अंदाजपंचे चालत नाही. स्वयंपाकघरात ‘चवीनुसार’ हे परिमाण पिढीजात चालत आलेल्या समाजाला ही अट जाचक वाटणे समजण्यासारखे आहे. हार्डनर जरा जास्त घातला की काम लवकर आटोपेल हा त्यावरचा सार्वत्रिक तोडगा. परंतु येथे हार्डनर हा जाळ्याचाच अर्धा भाग असल्यामुळे जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही, तो मोकळाच राहतो आणि टेबल जन्मभर बोटांना चिकटत राहते. शिवाय या क्रियेतून उष्णता बाहेर पडते, आणि जितका मोठा ऐवज एकत्र तितकी ती कोंडून अधिक वाढते: पसरट थरात शांतपणे घट्ट होणारे मिश्रण बादलीत तसेच राहिले तर उकळल्यागत तापते, धूर सोडते आणि तडकते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन इंच जाड टेबलाचे घनफळ तीन घनफूट होते आणि त्यात राळेचा वाटा एक-तृतीयांश धरला तरी २८ लिटर राळ लागते. साधी राळ एवढी एकाच वेळी ओतणे म्हणजे घरात भट्टी लावणे होय, म्हणून खोल थरासाठी मुद्दाम संथ केलेली वेगळी राळ वापरतात, जी घट्ट व्हायला दोन-तीन दिवस घेते.

या दोन-तीन दिवसांत लाकूड श्वास सोडते. गाठीच्या असंख्य छिद्रांतील हवा राळेच्या उबेने प्रसरण पावून बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, आणि ती आधीच कोंडावी म्हणून काळजीवाहू कारागीर लाकडाला पातळ राळेचा एक हात आगाऊ देतात; इतर कारागीर नंतर गॅसची ज्योत फिरवून बुडबुडे फोडत बसतात. हवेबरोबर जीवसृष्टीही येते. राळेच्या चकाकत्या पृष्ठभागावर डास, पाकोळी किंवा माशी उतरली की तिचा मुक्काम कायमचा होतो. बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणाऱ्या अंबरात, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कीटक असेच अडकलेले आढळतात आणि शास्त्रज्ञ त्यांचा आदराने अभ्यास करतात. टेबलात अडकलेल्या डासाबाबत मात्र मालक आणि कारागीर यांच्यात बिलाच्या वेळी जो अभ्यास होतो त्यात आदराचा भाग कमी असतो.

घट्ट झालेला ठोकळा राउटर नावाच्या सुतारी यंत्राने तासून सपाट करतात आणि मग काचकागदाचे युग सुरू होते. ८० क्रमांकाच्या खरबरीत कागदापासून १२०, १८०, २४०, ३२० असे चढत काही मंडळी ३००० पर्यंत जातात, आणि प्रत्येक कागदाचे काम आधीच्या कागदाने पाडलेले ओरखडे पुसून स्वतःचे अधिक बारीक ओरखडे पाडणे हे असते. या घासकामातून निघणारी धूळ लाकूड आणि प्लास्टिक यांची मिळून झालेली असते व ती फुप्फुसाला किंवा त्वचेला मुळीच मानवत नाही; ओल्या राळेचा हातांना वारंवार स्पर्श झाला तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, म्हणून मुखपट्टी आणि हातमोजे येथे हौसेचे नव्हेत. येथे थट्टेला जागा नाही, कारण मालकाची हौस भागत असताना ती धूळ रोज श्वासात घेणारा माणूस बहुधा दुसराच असतो.

तयार झालेले टेबल पायांशिवायच सत्तर किलोच्या आसपास भरते. लिफ्टमध्ये ते मावत नाही, जिन्याच्या वळणावर अडते, आणि सोसायटीतील चार धडधाकट तरुण व सूचना देणारे सात ज्येष्ठ नागरिक यांच्या साहाय्याने वर चढते. त्यानंतर त्याच्या संरक्षणाचे पर्व सुरू होते. बऱ्याच राळा साठ अंश सेल्सिअसच्या आसपासच नरम पडू लागतात, आणि कुकरमधील वाफ १२० अंशांच्या घरात असते. म्हणून पोळ्यांचा डबा, आमटीचे पातेले आणि चहाची किटली यांना टेबलावर येण्यापूर्वी अडणी, चुंबळ किंवा दोन्ही सक्तीची होतात. उन्हातील अतिनील किरणांनी पारदर्शक राळ पिवळी पडते, म्हणून खिडकीला पडदा लागतो. हळद प्लास्टिकला लागली की सहजी निघत नाही, म्हणून वरणभात जपून कालवावा लागतो. पिवळेपणाच्या या शर्यतीत सूर्य पुढे की वरण पुढे हे घराच्या दिशेवर अवलंबून असते. ओरखडे पडू नयेत म्हणून स्टीलची ताटे वर्ज्य होतात. शेवटी घरातील एखादी अनुभवी व्यक्ती बाजारातून जाड पारदर्शक प्लास्टिकची चादर मापाने कापून आणते आणि ती त्यावर अंथरते, म्हणजे लाकूड झाकणारे प्लास्टिक झाकण्यासाठी प्लास्टिक येते आणि सर्व संबंधितांना सुटल्यासारखे वाटते.

अशा टेबलावर प्रत्यक्षात काय होते याचे निरीक्षण केले असता त्यावर वर्तमानपत्र, औषधांची पाकिटे, विजेचे बिल, इस्त्रीहून आलेले कपडे, लॅपटॉप आणि निवडायची गवार या वस्तू सुखाने नांदताना दिसतात. घरची मंडळी ताटे मांडीवर घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसलेली असतात. पाहुणे आले की चादर गुंडाळली जाते, दिवा तिरका लावला जातो आणि गाठीतले डोळे, वळसे, किडीची भोके बोटाने दाखवली जातात. पाहुण्यांपैकी एकजण हमखास विचारतो की ही भोके आधीपासूनची की तुमच्याकडे आल्यावर पडली. मालक आधीपासूनची असल्याचे ठामपणे सांगतो. पाहुणा सहानुभूतीने मान डोलावतो आणि वाळवीचे औषध मारणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन नंबर देऊ करतो.

इतर लाकूडसामानाला म्हातारपणी पुष्कळ वाटा मोकळ्या असतात: सागाचा पलंग मोडून कपाट होते, कपाटाच्या फळ्यांचा देव्हारा होतो आणि उरलेल्या तुकड्यांवर बंब पेटतो. गाठ आणि राळ यांच्या जोडीला यांतले काही साधत नाही. राळ वितळून पुन्हा ओतता येत नाही, लाकूड तिच्यातून वेगळे निघत नाही, आणि चुलीत घालावे तर निघणारा धूर घरात घेण्याजोगा नसतो. भंगारवाला अशा टेबलाभोवती एक फेरी मारतो, वाकून खाली पाहतो, लोखंडी पायांचा किलोचा भाव सांगतो आणि वरचा भाग खाली उतरवून देण्याची मजुरी वेगळी मागतो.